समुद्रातील सुरगाठ

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा या गावाची ओळख दक्षिण काशी अशी आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला येणारा भाविक असो, की १९५४-५५ साली तेथे झालेल्या उत्खननात उघड झालेल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा अभ्यासक असो, प्रकाशा येथे आल्यावर दोघांचेही मन साहजिकच भूतकाळाकडे वळते. समुद्राचा विचार तेथे कोणाच्या मनात यावा असे वरवर पाहता काही कारण नाही. परंतु प्रकाशाच्या घाटावरून वाहणारे पाणी उकाईचे धरण ओलांडून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, आणि त्याच तापीच्या मुखाशी, हजिरा येथे, समुद्रतळावरून टाकलेल्या नळांतून नैसर्गिक वायू किनाऱ्याला लागतो. त्या वायूपासून हजिऱ्याला युरिया होतो. उसाला आणि कापसाला युरिया घालणाऱ्या शहादा-नंदुरबारकडील शेतकऱ्याचा समुद्राशी असा रोजचा संबंध आहे. तो त्याला ठाऊक नसतो, इतकेच. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या, आता बंद झालेल्या वायुक्षेत्राचे नावही 'ताप्ती' असेच होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागातील नद्यांनी समुद्रात वाहून नेलेल्या वाळूच्या थरांतच तेथील वायू साठला होता.

तेव्हा समुद्रातील तेलाचा प्रश्न हा मुंबईच्या मंडळींचा आहे, खानदेशाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणून चालणार नाही. त्यातही एक प्रश्न असा आहे की, त्याची चर्चा तज्ज्ञांच्या परिषदांपलीकडे फारशी होत नाही, आणि तरीही त्यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. भर समुद्रात, जेथे धक्का नाही, आडोसा नाही, तेथे अजस्र जहाज एका जागी बांधायचे कसे, आणि वेळ येताच ते सोडायचे कसे, हा तो प्रश्न होय. बांधण्याच्या विद्येत गेल्या अर्धशतकात विस्मयकारक प्रगती झाली. सोडण्याच्या विद्येकडे मात्र आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गाठीचे दोन प्रकार आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. निरगाठ एकदा बसली की सुटत नाही, कापावी लागते. सुरगाठ तितकीच घट्ट बसते, पण एक टोक ओढताच मोकळी होते. जनावराचे दावे शहाणा शेतकरी सुरगाठीनेच बांधतो, कारण गोठ्याला आग लागली तर निरगाठ सोडवीत बसायला सवड नसते. समुद्रातील सारी बांधणी या एकाच निकषावर तपासून पाहिली पाहिजे.

पहिले तेल कसे आले?

'सागर सम्राट' या खोदाईच्या तरत्या मंचाने १९७४ च्या ३१ जानेवारीस मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रतळावर पाय रोवले आणि १९ फेब्रुवारीस तेथे तेल लागले. 'बॉम्बे हाय' हे नाव त्या दिवसापासून घरोघरी पोचले. तेलाच्या भाववाढीने होरपळलेल्या देशाला तो मोठाच दिलासा होता. १९७६ च्या २१ मे रोजी प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. येथे एक गोष्ट अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. हे पहिले तेल किनाऱ्यावर आले ते नळातून आलेले नव्हते. तेव्हा नळ टाकलेलाच नव्हता. समुद्रात तरंगणाऱ्या, साखळदंडांनी तळाशी जखडलेल्या बोयाला तेलवाहू जहाज बांधायचे, नळ्या जोडायच्या, टाक्या भरायच्या आणि जहाज बंदराकडे न्यायचे, अशी ती व्यवस्था होती. १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्राखालील नळ पुरा झाला आणि ही व्यवस्था मागे पडली.

ज्या बोयाला जहाज बांधले जाते, त्याची रचना कल्पक आहे. एखाद्या खोलीएवढा पोलादी ढोल पाण्यावर तरंगत असतो. निरनिराळ्या दिशांना गेलेल्या साखळ्यांनी तो तळाशी धरलेला असतो. जहाजाचे नाक, म्हणजे नाळेकडील टोक, जाड दोराने त्याला बांधतात. वारा आणि प्रवाह ज्या बाजूने येतील त्या बाजूला तोंड करून जहाज या खुंटाभोवती फिरत राहते. देवळावरील पताका जशी वाऱ्याबरोबर वळते, तसे हे वळणे असते. जहाजाच्या आडव्या अंगावर समुद्राचा मारा येत नाही, हा त्याचा लाभ. तेल नेणाऱ्या रबरी नळ्या पाण्यावर तरंगत जहाजापर्यंत येतात. आजही वाडीनार, जामनगर, मुंद्रा, पारादीप अशा ठिकाणी परदेशांतून आलेले खनिज तेल मोठ्या प्रमाणावर अशाच बोयांवरून किनाऱ्याला उतरते. आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी चार पंचमांशाहून अधिक आपण आयात करतो, हे लक्षात घेतले म्हणजे या तरंगत्या खुंटांचे महत्त्व ध्यानात येते.

परंतु या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव आहे. बोया, दोर आणि नळ्या ही सारी सामग्री समुद्राच्या पृष्ठभागावर असते, आणि समुद्राचा सगळा कोप पृष्ठभागावरच होत असतो. शिवाय दोर आणि नळ्या पकडून जहाजाकडे देण्यासाठी लहान होडीतून माणसे पाठवावी लागतात. आषाढातला अरबी समुद्र ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अशा होडीतील माणसांची अवस्था वेगळी सांगायला नको. किनाऱ्याजवळही पावसाळ्याची अडचण सुटलेली नसते. दाभोळ येथील द्रवरूप वायूच्या धक्क्यावर २०१३ पासून जहाजे येऊ लागली. तथापि लाटा अडविणारा बांध अपुरा राहिल्यामुळे पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लावता येत नसे. कोट्यवधी रुपयांचा प्रकल्प वर्षातील चार महिने समुद्राच्या मर्जीवर अवलंबून राहिला.

लाटांच्या खालचा खुंट

ही अडचण सोडविण्याचा एक मार्ग नॉर्वेतील अभियंत्यांनी काढला. उत्तर समुद्रातील हवामान आपल्या पावसाळ्यापेक्षा क्रूर आणि तेही वर्षातील बहुतेक महिने. तेथे त्यांनी असा विचार केला की, लाटांचा जोर जर पृष्ठभागावर असेल, तर खुंटच पृष्ठभागाखाली का ठेवू नये? लाट कितीही उंच असली तरी खोल जावे तसतशी तिची हालचाल झपाट्याने कमी होते. म्हणून शंकूच्या आकाराचा बोया तीस-चाळीस मीटर खोलीवर तरंगता ठेवायचा, तळाशी गेलेल्या दोरांनी आणि साखळ्यांनी त्याला धरायचे, आणि तेल आणणारी लवचिक नळी त्याच्या पोटातून वर घ्यायची, अशी योजना झाली. पाण्यावर दिसतो तो फक्त त्याला जोडलेला एक हलका दोर आणि त्याची खूण. १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत उत्तर समुद्रात रूढ झाली. १९९५ साली उत्पादन सुरू झालेल्या हेइड्रुन या नॉर्वेच्या तेलक्षेत्रात तर असे दोन बोये बसवून, मधल्या साठवणीवाचून, थेट जहाजांत तेल भरले जाऊ लागले. एक जहाज भरून निघण्यापूर्वी दुसरे जोडले गेले पाहिजे, नाही तर विहिरीच बंद कराव्या लागतील, एवढा विश्वास त्यांनी या जोडणीवर टाकला.

ही जोडणी होते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. जहाजाच्या तळाला, पुढच्या भागात, शंकूच्याच आकाराची एक पोकळी ठेवलेली असते. जहाज बोयाच्या बरोबर वर येऊन थांबते. पाण्यावरचा दोर वर घेतला जातो, तो पोकळीतून विंचवर गुंडाळला जातो, आणि खालून बोया सावकाश वर ओढला जाऊन पोकळीत घट्ट बसतो. मग यांत्रिक कुलपे लागतात, नळी जोडली जाते, आणि तेल वाहू लागते. जहाज त्या बोयाभोवती मोकळेपणी फिरू शकते. वादळ आले, आग लागली, काही बिघडले, तर कुलपे उघडतात, बोया सुटून आपल्या ठरलेल्या खोलीवर जाऊन राहतो, आणि जहाज काही मिनिटांत मोकळे होते. घट्टही बसणारी आणि क्षणात सुटणारीही, अशी ही खरीखुरी सुरगाठ आहे.

परंतु यात एक अट आहे. दोर उचलून बोया वर येईपर्यंत जहाजाला त्या जागी, कशालाही न बांधता, स्थिर राहता आले पाहिजे. लाखभर टन वजनाचे जहाज वाऱ्यात आणि प्रवाहात काही मीटरांच्या आत धरून ठेवायचे, हे काम एकट्या सुकाणूने होणारे नाही. त्यासाठी जी विद्या लागते तिला 'डायनॅमिक पोझिशनिंग' म्हणतात. मराठीत तिला गतिशील स्थितिनियंत्रण म्हणता येईल.

नावाड्याची विद्या, यंत्राच्या हाती

शब्द अवघड असला तरी कल्पना जुनी आहे. वाहत्या तापीत नाव कोठेही न बांधता एका जागी धरून ठेवणारा अनुभवी नावाडी हेच करीत असतो. काठावरचे देवळाचे शिखर आणि त्याच्या मागचे एखादे झाड अशा दोन खुणा तो एका रेषेत ठेवतो. रेषा मोडली की नाव सरकली, हे त्याला कळते. वाऱ्याची झुळूक अंगाला लागताच नाव ढळण्यापूर्वीच तो वल्ह्यावर भार देतो. आणि प्रवाहाचा जोर त्याला कोणी मोजून देत नाही. आपण एवढे वल्हवूनही नाव मागे का जाते, यावरून तो प्रवाह ओळखतो.

जहाजावरील यंत्रणाही नेमके याच तीन गोष्टींवर चालते. काठावरच्या खुणांच्या जागी उपग्रह, समुद्रतळावर ठेवलेली ध्वनियंत्रे आणि इतर मोजमापे असतात. वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजली जाते आणि जहाज ढळण्याआधीच त्यानुसार भरपाई केली जाते. प्रवाह मात्र सहसा थेट मोजला जात नाही. आपण लावलेला जोर, वारा आणि जहाजाची प्रत्यक्ष हालचाल यांचा हिशेब मांडून जे उरते, ते संगणक प्रवाहाच्या खाती घालतो. जहाजाच्या तळाला आणि दोन्ही टोकांना बसविलेले थ्रस्टर, म्हणजे हव्या त्या दिशेला जोर देणारे पंखे, मग त्याप्रमाणे फिरतात. पुढे-मागे सरकणे, बाजूला सरकणे आणि तोंड वळणे या तीनच हालचालींवर ही यंत्रणा ताबा ठेवू शकते. लाटेबरोबर जहाजाचे वर-खाली होणे तिला थांबविता येत नाही, आणि ही मर्यादा पुढील विवेचनात फार महत्त्वाची आहे.

या विद्येचा जन्म तेलाच्या व्यापारासाठी झालेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पृथ्वीचे कवच भेदून खालपर्यंत जाण्याच्या 'मोहोल' या अमेरिकन वैज्ञानिक प्रकल्पासाठी १९६१ साली 'कस-१' या जहाजाने चार फिरत्या पंख्यांच्या साहाय्याने, नांगर न टाकता, साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल समुद्रात आपली जागा राखली. तेव्हा पंखे माणसेच चालवीत होती. त्याच वर्षी 'युरेका' या जहाजावर हे काम स्वयंचलित यंत्रणेकडे सोपविण्यात आले. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिताचा उपयोग करून नॉर्वेतील येन्स बाल्शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या यंत्रणेला खरी प्रगल्भता दिली. लाटेच्या क्षणिक हेलकाव्याला प्रत्युत्तर न देता जहाजाचे खरे ढळणे तेवढे ओळखायचे, हा त्या गणिताचा गाभा. प्रत्येक लाटेशी झगडणारा नावाडी लवकर दमतो; कुशल नावाडी लाट येऊन जाऊ देतो.

यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये

येथपर्यंतची कथा मानवी बुद्धीच्या विजयाची आहे. तथापि तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण याच विद्येच्या सीमारेषेवर महाराष्ट्राच्या समुद्रात एक भीषण दुर्घटना घडून गेली आहे. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत झालेला प्रलयंकर पाऊस सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, 'समुद्र सुरक्षा' या बहुउद्देशीय जहाजावरील एका स्वयंपाक्याच्या हाताला इजा झाली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर येणे शक्य नव्हते. म्हणून त्या माणसाला क्रेनने मंचावर उचलून घ्यावे, या हेतूने जहाज बॉम्बे हाय उत्तर मंचाजवळ गेले. जहाजाच्या संगणकनियंत्रित थ्रस्टरांत अडचण होती, त्यामुळे ते हाताने चालविले जात होते, आणि ज्या बाजूने वारा मंचाकडे लोटत होता त्याच बाजूने ते मंचाजवळ आले होते. उसळलेल्या लाटेबरोबर त्याचा हेलिकॉप्टर-मंच वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळावर आदळला. वायू सुटला आणि पेटला. सुमारे दोन तासांत तो प्रचंड मंच नाहीसा झाला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ दगावली. एका माणसाच्या बोटांवर उपचार व्हावेत, या सर्वस्वी माणुसकीच्या हेतूतून ही शोकांतिका घडली, हे तिचे सर्वांत विदारक अंग आहे.

या दुर्घटनेचा दोष कोणा एकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण त्याने काही साधत नाही. विचार करण्यासारखा मुद्दा वेगळा आहे. यंत्रणा अधू असताना, लाटा उंच असताना, वारा मंचाकडे वाहत असताना जहाजाने किती अंतरापर्यंत जावे, हा निर्णय त्या क्षणी कोणा व्यक्तीच्या धैर्यावर आणि दयाबुद्धीवर सोडायचा, की तो आधीच शांत चित्ताने लिहून ठेवायचा? जेथे ही विद्या मुरली आहे तेथे दुसऱ्या मार्गाचा अवलंब होतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ साली अशा जहाजांचे तीन वर्ग ठरवून दिले आणि २०१७ मध्ये ते नियम सुधारले. पहिल्या वर्गात एक भाग बिघडला तर जागा सुटू शकते. दुसऱ्या वर्गात कोणताही एक चालता भाग बंद पडला तरी जागा सुटता कामा नये. तिसऱ्या वर्गात एखादा संपूर्ण कप्पा आगीत किंवा पाण्यात गेला तरी जहाज स्थिर राहिले पाहिजे. कामाचे स्वरूप पाहून कोणत्या वर्गाचे जहाज वापरायचे ते ठरते, आणि वारा, लाट किंवा ढळण्याचे अंतर ठरावीक मर्यादेबाहेर गेले की काम थांबवायचे, हे आधीच ठरलेले असते. बिघाड कसा होऊ शकतो याचाही अभ्यास असतो. एक बिघाड असा की, शक्ती गेल्यामुळे जहाज वाहवत जाते. दुसरा त्याहून भयंकर: खोट्या मोजमापावर विश्वास ठेवून यंत्रणा स्वतःच जहाज भलत्या दिशेला जोराने हाकू लागते. अशा वेळी यंत्राकडून ताबा काढून घेण्याची तयारी माणसाकडे काही क्षणांत हवी.

सोडण्याच्या विद्येचे दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. २०२१ च्या १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून गेले. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून मिळत होते. तरीही मुंबईजवळच्या हीरा तेलक्षेत्रात कामगारांची वसाहत असलेला 'पी-३०५' हा तराफा समुद्रातच राहिला. वादळात त्याचे नांगर सुटले, तो भरकटला आणि बुडाला. त्याच्यावर २६१ माणसे होती. तराफा आणि 'वरप्रदा' ही ओढबोट मिळून ८६ जणांचे प्राण गेले. तराफ्याला स्वतःचे बळ नव्हते. नांगर हाच त्याचा एकमेव आधार होता, आणि तोही निसटला. जो बांधलेला होता त्याला वेळेवर सोडले नाही, आणि जेव्हा तो सुटला तेव्हा त्याच्याजवळ स्वतःला सावरण्याचे साधन नव्हते. या दोन्ही दुर्घटनांची तांत्रिक कारणे निराळी आहेत. परंतु दूर होण्याचा निर्णय केव्हा, कोणी आणि कोणत्या निकषावर घ्यायचा, हा प्रश्न दोन्हींत समान आहे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर असे म्हटले जाईल की, मोठ्या तेलक्षेत्रासाठी समुद्राखालचा नळ हाच सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे, आणि बॉम्बे हायने १९७८ पासून तोच अनुसरला. हे खरे आहे. किनाऱ्यापर्यंत नळ असताना जहाजांची यातायात करण्यात शहाणपण नाही. परंतु मोठी क्षेत्रे आता वृद्ध झाली आहेत आणि नवे तेल बहुधा लहान, दूरच्या आणि खोल पाण्यातील क्षेत्रांतून मिळायचे आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे २०० किलोमीटरवरील डी-१ क्षेत्रासाठी २०१३ पासून तेल काढून साठविणारे तरते जहाज वापरण्यात आले, ते यामुळेच. अशा ठिकाणी प्रत्येकी वेगळा नळ टाकणे परवडणारे नसते.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की, पाण्याखालचा बोया खोल समुद्रासाठी ठीक, आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी उथळ आहे. बॉम्बे हायजवळ खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. पण अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स उपसागरात फार वेगळी खोली नाही, आणि तेथे २००८ पासून द्रवरूप वायूच्या जहाजांसाठी असेच पाण्याखालचे बोये बसविलेले आहेत. तेव्हा खोलीची अडचण असली तरी ती अनुल्लंघनीय नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो वजनदार आहे. स्थितिनियंत्रणाची जहाजे महाग असतात, त्यांचे इंजिन सतत इंधन जाळते, आणि सुटू शकणारी जोडणी न सुटणाऱ्या जोडणीपेक्षा अधिक किमतीची असते. परंतु हाच खर्च आपल्याच देशाने पूर्वी केलेला आहे. बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील एमए क्षेत्रावर २००८ पासून २०१८ पर्यंत काम केलेले 'धीरूभाई-१' हे जहाज, चक्रीवादळ आल्यास जोडणी सोडून दूर जाता यावे, अशाच रचनेचे होते. पूर्व किनाऱ्यावर वादळे येतात हे गृहीत धरून तेथे सुरगाठ बांधली गेली. पश्चिम किनाऱ्यावर वादळे क्वचितच येतात, या समजुतीवर आपण दीर्घकाळ विसंबून राहिलो.

ती समजूत आता टिकण्यासारखी नाही. २०२० च्या ३ जूनला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकले, पुढच्याच वर्षी 'तौक्ते' आले, २०२३ मध्ये 'बिपरजॉय'ने अरबी समुद्रात दीर्घकाळ मुक्काम ठोकला. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आणि तीव्रता गेल्या काही दशकांत वाढली असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जो समुद्र १९७६ साली होता, तो आज राहिलेला नाही. मग त्या काळच्या अंदाजांवर आजची बांधणी कशी चालेल?

काय व्हावयास हवे?

समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेसाठी २००८ साली केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले, हे स्वागतार्हच होते. परंतु नियम कागदावर असणे आणि तो वादळाच्या आदल्या रात्री पाळला जाणे, यांत अंतर असते. काम थांबविले की दिवसाचे भाडे बुडते, मुदत हुकते, कंत्राटातील दंडाचे कलम पुढे येते. अशा वेळी जहाजाच्या कप्तानाने 'सोडा' म्हटले तर त्याला किनाऱ्यावरील कोणाही व्यवस्थापकाने जाब विचारता कामा नये, अशी तरतूद प्रत्येक कंत्राटात स्पष्ट शब्दांत हवी. तो निर्णय मागाहून अनावश्यक ठरला तरीही त्याला शिक्षा होता कामा नये. वादळ हुलकावणी देऊन गेल्यावर सावधगिरी भित्रेपणासारखी दिसते, आणि अशा सावध माणसाला शिक्षा झाली की पुढच्या वेळी कोणी सावध राहत नाही.

दुसरी गोष्ट चौकशीची. समुद्रात घडणाऱ्या अपघातांच्या चौकश्या होतात, समित्या नेमल्या जातात. परंतु त्यांचे निष्कर्ष संपूर्णपणे आणि सुबोध भाषेत जनतेसमोर यावेत, हा पायंडा आपल्याकडे रुजायला हवा. १९८८ साली उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' या मंचावरील दुर्घटनेत १६७ माणसे दगावली. त्यानंतर लॉर्ड कलन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ब्रिटनने समुद्रातील सुरक्षिततेची सारी व्यवस्था त्याच्या आधारे बदलली. तेथील अभियांत्रिकीचा विद्यार्थी तो अहवाल अभ्यासतो. आपल्या मुलांनाही आपल्याच समुद्रातील दुर्घटनांचे धडे आपल्याच अहवालांतून मिळाले पाहिजेत.

तिसरी गोष्ट शिक्षणाची, आणि येथे प्रकाशासारख्या गावांचा संबंध पुन्हा येतो. स्थितिनियंत्रण चालविणारा अधिकारी एका रात्रीत तयार होत नाही. आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या प्रमाणपत्रासाठी वर्गातील शिक्षण, कृत्रिम समुद्रासमोरचा सराव आणि प्रत्यक्ष जहाजावरील ठरावीक दिवस, असे टप्पे ओलांडावे लागतात. या व्यवसायात उतरण्यासाठी कोळ्याच्या घरी जन्म घेतलेला असण्याची आवश्यकता नाही. त्याला हवे असते ते गणित, भौतिकशास्त्र, यंत्राची समज आणि थंड डोके. नंदुरबार जिल्ह्यातील शाळांतही ही गुणवत्ता आहे. कमतरता आहे ती माहितीची. समुद्रावरील नोकरी म्हटली की आपल्याकडे अजूनही जहाजावरचा खलाशी एवढेच चित्र उभे राहते. भौतिकशास्त्राच्या तासाला बलांचे संतुलन शिकविताना फळ्यावर उतरणीवरचा ठोकळा काढला जातो. त्याच्या शेजारी वारा, प्रवाह आणि थ्रस्टर यांच्यामध्ये स्थिर उभे असलेले जहाज एखाद्या शिक्षकाने काढून दाखविले, तर पुढच्या बाकावरील एखाद्या मुलाला समुद्राची वाट तेथेच सापडू शकेल.

तेल आणि वायू यांची आपली गरज काही वर्षांत संपणार नाही, आणि संपली तरी समुद्रातील पवनचक्क्यांची उभारणी याच स्थिर राहण्याच्या विद्येवर होणार आहे. तेव्हा हा प्रश्न मावळत्या उद्योगाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. भर समुद्रात आपल्यासाठी राबणाऱ्या माणसांना घट्ट बांधणारे दोर जसे हवेत, तसा योग्य वेळी ते सोडण्याचा निःशंक अधिकारही हवा. गोठा उभारतानाच दावे कसे सुटेल याचा विचार शेतकरी करतो. समुद्रात माणसे पाठविणाऱ्यांनी तेवढी दूरदृष्टी दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.